निरंक रकान्यातली आमर

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान वक्ते येतात. ज्ञानेश्वरीवर बोलतात, माळव्यातल्या मराठ्यांच्या इतिहासावर बोलतात, हृदयविकारावर बोलतात. आम्ही त्यांतले नाही. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीतले उपयंत्री, डिप्लोमावाले. नाली, पुलिया, रस्ता आणि त्यांचे एस्टिमेट एवढंच आमचं शास्त्र. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक दहावीनंतर हातात धरलेलं नाही. आणि ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. एक तर बावीस वर्षं नोटशीट लिहिल्यावर ‘मी’ लिहायची सवयच मोडते. दुसरं म्हणजे हे एकट्याचं काम नाही. रविवारी गाडी काढून रानात भटकणारे आम्ही पाच जण आहोत. दोघे कार्यालयातले, एक बँकेतले, एक शाळेतल्या बाई आणि पाचवे आमचे सर. सर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आज जे शहाणपणाचं बोलू ते त्यांचं, चुका आमच्या. बोलायला तेच हवे होते, पण ते म्हणाले, “चूक ज्यांनी केली त्यांनीच सांगावी.”

विषय आहे आमर. म्हणजे ऑर्किड. नाव ऐकून पुढच्या रांगेतल्या काकूंनी कपाळाला आठी घातली, कारण ऑर्किड म्हटलं की लग्नाच्या स्टेजवरची जांभळी फुलं आठवतात. पण मंडळी, आमर आपण सगळ्यांनी खाल्लेली आहे. व्हॅनिला ही आमरीचीच शेंग. खऱ्या व्हॅनिलाच्या आइस्क्रीममध्ये जे बारीक काळे ठिपके दिसतात ते तिचं बी. मूळची मेक्सिकोची ही वेल बाहेर नेली तर फुलायची, पण शेंग धरायची नाही. 1841 साली रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोराने काडीने परागीभवन करायची युक्ती काढली आणि तेव्हापासून जगभर ती तशीच हाताने केली जाते. दुसरी आमर आपल्याकडे पंसारी विकतो. थंडीत दुधातून घ्यायला सालमपंजा आणता ना? हाताच्या पंजासारखा दिसणारा तो कंद हिमालयातल्या एका आमरीचा. लोकांनी खणून खणून ती इतकी कमी केली की आता तिथल्या लोकांनाही ती सहजी सापडत नाही. हे ऐकल्यावर आमच्या घरी सालमपंजा येणं बंद झालं. सासूबाई अजून नाराज आहेत.

आणि एक आमर आपल्या समाजाच्या मागच्या आवारात आहे. विहिरीजवळच्या जुन्या आंब्याच्या दुबेळक्यात जाड, चिवट पानांचा झुबका आहे, तो बघा. उन्हाळ्यात तिला तपकिरी-पिवळी, चौकड्यांची फुलं येतात, मध्ये निळसर जीभ असते, जवळ गेलं तर मंद वास येतो. तिला वांडा म्हणतात. इथे सरसकट ‘बांदा’ म्हणून तिची संभावना होते. तीन वर्षांपूर्वी रंगरंगोटी चालली होती तेव्हा एका उत्साही कार्यकर्त्याने ‘हे बांडगूळ झाड खातंय’ म्हणून कोयता आणला होता. सर नेमके तिथे होते म्हणून ती वाचली.

त्या दिवशी सरांनी तिथेच, शिडीखाली उभं राहून, आमचा पहिला वर्ग घेतला. बांडगूळ झाडाच्या फांदीत मूळ खुपसतं आणि आतला रस पितं. कुंपणावरची अमरवेल तेच करते, फक्त तिला पानंही नसतात. तंबाखूच्या शेतातला बंबाखू मुळांतून चोरी करतो. आंब्यावरची आमर यांतलं काहीच करत नाही. ती फक्त बसते. पावसाचं पाणी आणि सालीच्या खाचेत साचलेली धूळमाती एवढ्यावर तिचं चालतं. आंब्याला तिचा उपद्रव असेल तर तो खांद्यावर बसलेल्या चिमणीइतका.

मग सरांनी विचारलं, ही आमर या झाडावर किती वर्षं आहे? वयस्कर मंडळींनी सांगितलं, निदान तीस. तिला शेंगा येतात का? येतात. मग या आवारात इतर झाडांवर तिची रोपं का नाहीत?

याचं उत्तर आम्हाला देता आलं नाही. पुढे जे काही वाचलं, पाहिलं, भटकलो, ते या एका प्रश्नापायी.

हरभऱ्याचा दाणा भिजवून फोडला की दोन डाळिंब्या होतात. ती कोंभाची शिदोरी. मूळ धरेपर्यंत, पान फुटेपर्यंत त्याने त्यावर जगायचं. आमरीच्या बियांना शिदोरीच नसते. एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया असतात, पण प्रत्येक बी म्हणजे नुसती धूळ. चार्ल्स डार्विनने 1862 मध्ये आमरींवर पुस्तक लिहिलं, त्यात एका युरोपीय जातीच्या बियांचा हिशेब मांडला. एका झाडाला 1,86,300 बिया. त्या सगळ्या रुजल्या तर पणतवंडांच्या पिढीत पृथ्वीवरची सगळी जमीन त्या जातीने झाकून जाईल, असं गणितही त्याने केलं. मग झाकली का जात नाही? हा त्याच्यापुढचा प्रश्न होता, तोच आपल्या विहिरीजवळच्या आंब्याचा.

उत्तर मिळालं फ्रान्समध्ये, आणि कसं मिळालं ते ऐकण्यासारखं आहे. नोएल बेर्नार नावाचा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी सक्तीची लष्करी नोकरी करत होता. 3 मे 1899 रोजी फाँतेनब्लोच्या जंगलात फिरताना त्याला पाचोळ्याखाली गाडली गेलेली आमरीची एक वाळकी दांडी दिसली. तिच्या फुटलेल्या शेंगांत बिया रुजलेल्या होत्या, नुसत्या एक-दोन नव्हे, पुष्कळ. तोपर्यंत रुजलेली आमर कुणी क्वचितच पाहिली असेल. युरोपातले माळी पैसा ओतून थकले होते, बिया काही उगवत नव्हत्या. बेर्नारने ती रोपं सूक्ष्मदर्शकाखाली घातली तेव्हा प्रत्येकात बुरशीचे तंतू दिसले. म्हणजे शिदोरी आईने दिलेली नाही, ती बुरशी आणून देते. बुरशीचा तंतू बीत शिरतो, आतल्या पेशींत वेटोळी घालतो, आणि ते इवलंसं बी तीच वेटोळी पचवून खातं. बुरशी भेटली नाही तर बी मरतं. लाखातलं एखादंच जगतं ते त्यामुळे. बेर्नार बिचारा 1911 मध्ये क्षयाने गेला, वयाची सदतिशीही पुरी झाली नव्हती. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखरेचं खाद्य काचेच्या नळीत देऊन बिया रुजवून दाखवल्या. लग्नाच्या स्टेजवरच्या त्या जांभळ्या फुलांचा धंदा नडसन यांच्या कामावरून सुरू झाला. स्टेज सजवणाऱ्याला हे माहीत असायची गरज नाही, म्हणून इथे सांगून ठेवलं.

बेर्नारला सापडलेली आमर साधी नव्हती. तिला हिरवं पान नाही. तिचं नाव निओट्टिया, मुळांचा गुंता पाखराच्या घरट्यासारखा म्हणून ‘घरटे-आमर’ म्हणा. हे नाव आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेत पाठ केलेलं आहे, आठवतं का? हिंदी माध्यमात काय, मराठीत काय, शब्द एकच: मृतोपजीवी. ‘मृतोपजीवी वनस्पतीची उदाहरणे द्या.’ उत्तर: निओट्टिया, मोनोट्रोपा. दोन गुण. मंडळी, ते दोन गुण परत करावे लागतील. ही झाडं कुजका पालापाचोळा स्वतः खात नाहीत. ते काम बुरशीचं, आणि झाड त्या बुरशीवर जगतं. 1994 मध्ये जोनाथन लीक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सगळा पुरावा एकत्र करून ही गोष्ट ठामपणे मांडली. तेव्हापासून अभ्यासक अशा झाडांना कवकांवर जगणारी म्हणतात. कवक म्हणजे बुरशी, अळंबी, कुत्र्याची छत्री हा सगळा परिवार.

इतर आमरी बाळपणी बुरशीच्या अंगावर वाढतात आणि पुढे पानं फुटली की कमावत्या होतात. काही आमरी मात्र आयुष्यभर कमवायला लागतच नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 2019 मध्ये देशातल्या आमरींची सचित्र यादी काढली. एकूण 1,256 जाती. त्यांतल्या फक्त 43 अशा, जन्मभर बुरशीवर जगणाऱ्या.

त्यांतली एक आमच्या मनात घर करून बसली. शास्त्रीय नाव एपिपोजियम रोझियम, आम्ही आपसांत तिला भूतआमर म्हणतो. इंग्रजीतही तिच्या घराण्याला ‘घोस्ट ऑर्किड’च म्हणतात. डेव्हिड डॉन यांनी 1825 मध्ये नेपाळातल्या नमुन्यावरून तिचं वर्णन पहिल्यांदा छापलं. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा पसारा, आपल्या हिमालयात आहे, सह्याद्रीच्या दमट रानांत आहे, पण पाहिलेली माणसं थोडी. कारण ती वर्षभर जमिनीखाली असते. खाली एक बटाट्यासारखा कंद, मूळ नाही, पान नाही. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की पाचोळ्यातून एक पोकळ, मऊ, मलईच्या रंगाची दांडी वर येते, वीतभर किंवा हातभर, आणि तिला खाली माना घातलेली पांढरट-गुलाबी फुलं लागतात. ती धड उघडतही नाहीत. माशी-मधमाशीची वाट बघायला वेळ नाही, स्वतःच्याच परागाने काम उरकतं. काही दिवसांत शेंगा धरतात, फुटतात, धूळ उडते, दांडी लोळागोळा होऊन पडते. सगळा संसार साधारण पंधरवड्यात आटोपतो. पुन्हा त्याच जागी कधी येईल ते सांगता येत नाही.

हिरवेपणा सोडल्याची किंमत तिने किती दिली आहे? झाडाच्या पेशीत हरितकण असतात, त्यांचा स्वतःचा एक वेगळा आनुवंशिक मजकूर असतो. बहुतेक झाडांत त्याची लांबी दीड लाख अक्षरांच्या आसपास. भूतआमरीत तो मोजला तर 19 हजार भरला. उन्हातून अन्न करायची सगळी कलमं तिने खोडून टाकली आहेत. परतीचा रस्ता बंद.

आणि तिची बुरशी कोणती? जपानी संशोधकांनी शोधून काढली. शाईच्या छत्र्या म्हणतात त्या कुळातली. हे वाचून आम्ही चाटच पडलो, कारण शाईच्या छत्र्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पावसाळ्यात उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यावर सकाळी राखाडी, नाजूक छत्र्या उगवतात आणि दुपारपर्यंत विरघळून काळी शाई होतात. त्याच गोतातल्या. त्याच जपान्यांनी 2007 मध्ये दाखवून दिलं की योग्य बुरशी सोबतीला दिली तर भूतआमर बीपासून फुलापर्यंत प्रयोगशाळेत वाढवता येते. चीनमध्ये तर हा शेतीचा उद्योग आहे. त्यान-मा नावाची औषधी आमर तिथले शेतकरी ओंडके गाडून पिकवतात. तिला दोन बुरश्या लागतात, बी रुजवायला एक आणि कंद पोसायला दुसरी. म्हणजे बियाणं विकत घ्यायचं, त्यासोबत दाई आणि दूधआईही विकत घ्यायची.

हे सगळं वाचल्यावर घरी बसवेना. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या जोडसुटीला नर्मदा एक्स्प्रेसने पिपरियाला उतरून आम्ही पचमढीला गेलो. मध्य प्रदेशात आमरी पाहायच्या तर पचमढीला जावं, असं सर म्हणायचे, पण त्या वेळी गुडघ्यामुळे ते आले नव्हते. दुसऱ्या दिवशी एका उतारावर, गवतात, आमच्यातल्या बँकवाल्यांना ती दिसली. पान नाही. सरळ उभी दांडी. टोकाला खाली मान घातलेलं गुलाबी-जांभळं फूल, चिलमीसारखं. आम्ही अक्षरशः गुडघ्यांवर बसलो. शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. छत्र्या धरून चाळीस-पन्नास फोटो काढले, व्हॉट्सअॅपवर टाकले, तीन ग्रुपांवर अभिनंदनाचा वर्षाव झाला. एका स्थानिक वार्ताहराचा फोनही आला आणि आम्ही त्यांना ‘सविस्तर नंतर बोलू’ असं भारदस्तपणे सांगितलं.

रात्री सरांचा संदेश आला. ‘एजिनेशिया. गवताच्या मुळांवरची परजीवी. आमर नव्हे. गवत उपटून पाहू नका.’

वार्ताहराचा फोन पुन्हा आला तेव्हा आम्ही नेटवर्क नसल्यासारखं केलं.

नंतर सरांनी समजावलं की चूक डोळ्यांची नाही, प्रश्नाची आहे. तुम्ही वर पाहिलंत, पान नाही, फूल आहे. खाली काय आहे ते विचारलंच नाही. ती गवतात उभी होती, उन्हात. भूतआमरीला गवत काय कामाचं? तिला सावली हवी, ओल हवी, कुजणारं लाकूड हवं, वर्षानुवर्षं न हललेला पाचोळा हवा. जागा ओळखायला शिका, फूल आपोआप कळेल.

म्हणून मागच्या जूनमध्ये आम्ही सिंधुदुर्गात गेलो. आमच्यातल्या एकाचं आजोळ तिकडे आहे. गावाला देवराई आहे. माळव्यात जन्मलेल्या आपल्या मुलांना देवराई हा शब्द सांगावा लागतो. देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली काठी तोडायची नाही, पडलेलं झाड उचलायचं नाही. आम्ही बाहेरच्या झळा सोसत वर चढलो आणि आत पाऊल टाकलं तर पाय घोट्याच्या वर पाचोळ्यात गेला. वास सांगू कसा? जुन्या कोठीघराचा, ओल्या लाकडाचा, अळंब्यांचा मिळून. हाताने पाचोळा किंचित सारला की खाली पांढऱ्या तंतूंचं जाळं, कुणी सूत कातून पसरल्यासारखं.

तिथले गुरव साठीचे. आम्ही मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “येता असला कायतरी पांढरा, पावसाच्या सुरवातीक. दोन दिसांत इरघाळता.” कधी आलं होतं? “गेल्या सालाक नाय. त्याच्या आदल्या सालाक.” कुठे? त्यांनी हात असा फिरवला की त्यात निम्मी देवराई आली. ती भूतआमर असेल, एखादी अळंबी असेल. आम्ही तीन दिवस गुडघ्यांवर शोधलं. जळवा भेटल्या, आमर भेटली नाही.

पण गुरवांनी एक गोष्ट सांगितली ती घेऊन आम्ही परत आलो. गावात भातरोपांसाठी जमीन भाजतात. त्याला पाचोळा लागतो, त्यांच्या भाषेत पातेरा. उन्हाळ्यात सगळं गाव खराटे घेऊन पातेरा गोळा करतं, रान साफ होतं. देवराईत मात्र नाही. “हयलो पातेरो उचलूचो नाय,” एवढंच ते म्हणाले. का, म्हणून विचारलं तर आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही ‘देवळात चपला का काढायच्या’ असं विचारलं.

आता आमच्या चुकीकडे येतो, पचमढीची नव्हे, दुसऱ्या.

काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या रुंदीकरणाचं एस्टिमेट आमच्याकडे होतं. रस्ता कुठला ते महत्त्वाचं नाही. एका बाजूला जुनी भिंत, भिंतीला लागून चिंच, कडुनिंब, दोन प्रचंड मोठी वडाची झाडं. त्या पट्ट्यात कुणी जात नसे. साठ-सत्तर वर्षांचा पाचोळा तिथे थरावर थर बसलेला होता. प्रपत्रात झाडांचा तक्ता होता. आम्ही फीत घेऊन प्रत्येक झाडाचा घेर मोजला, नंबर टाकले, कोणतं कापायचं, कोणतं दुसरीकडे लावायचं ते लिहिलं. त्या कामात कसूर केली नाही. खाली एक रकाना होता, स्थळावर दुर्मीळ वनस्पती आढळतात काय. आम्ही मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, एका पाहणीत लिहिलं: निरंक.

सरकारी नोकरीतल्या मंडळींना ‘निरंक’ शब्दाची गोडी ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो, शून्य, काही नाही, पुढे चला. त्या एका शब्दाने फाइल पुढे सरकते.

तिथे भूतआमर होती असं आम्ही म्हणत नाही. आपल्या माळव्याची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन तिच्या सोयीची नाही. पण मेच्या दुपारी पाहून ‘नाही’ म्हणता येतं का? तिची युरोपातली बहीण इंग्लंडमध्ये 1986 नंतर दिसलीच नाही. तेवीस वर्षं. तिथल्या लोकांनी ती नामशेष झाली असं जाहीर केलं, आणि 2009 मध्ये ती एका रानात पुन्हा उगवली. एवढी वर्षं ती कुठे गेली नव्हती, खालीच होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात एक आमर तर फुलतेही जमिनीखालीच. तिचा पत्ता 1928 मध्ये एका शेतकऱ्याला नांगरताना लागला, तोवर ती कुणाच्याही यादीत नव्हती. अशा झाडांच्या बाबतीत आमचा मे महिन्यातला निरंक म्हणजे, घराला कुलूप दिसलं म्हणून घरमालक वारला असं लिहिण्यासारखं.

आणि दुसरं. झाडांचा तक्ता होता, मातीचा नव्हता. ती दोन फूट काळी, भुसभुशीत, तंतूंनी विणलेली माती ‘अनुपयोगी सामग्री हटविणे’ या नावाखाली घनमीटरच्या दराने डंपरमध्ये गेली. दर आम्हीच लावला होता. दुसरीकडे नेऊन लावलेल्या झाडांतली काही जगली, काही वाळली. वाळलेल्यांबद्दल ‘पाणी कमी पडले’ असं लिहिलं गेलं. आज वाटतं, मुळांभोवतीची त्यांची बुरशी डंपरमध्ये गेली होती, त्याचाही हात असेल. हे कुणाला दाखवता येत नाही. मोजायला रकाना नाही.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “अपघातात मेलेल्याचं नाव तरी कळतं.” आणि चहा मागवला.

आता सिंहस्थ 2028 तोंडावर आहे. शहरात कामं किती चालली आहेत ते आपण सगळे धूळ खात पाहतोच आहोत. रस्ते हवेत, घाट हवेत, कोट्यवधी माणसं येणार आहेत, त्यांना चालायला जागा हवी. आम्ही त्याच खात्याच्या पगारावर जगतो, रस्त्याविरुद्ध बोललो तर आमरीपेक्षा आम्हीच परजीवी ठरू. एवढंच केलं आहे की आता पाहणीला गेलो की जून्या झाडांखालची वरची माती वेगळी काढून जवळच्याच रोपवनात पसरावी असा एक परिच्छेद आम्ही टिपणीत घालतो. दोनदा तो खोडला गेला. तिसऱ्यांदा राहिला. कुणी वाचला नसेल म्हणून राहिला असेल, पण राहिला.

कॉलनीतली लढाई मात्र जास्त अवघड निघाली. शेजारचं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतं, त्याची आपल्यालाही चुरस आहे, ती असावी. पण त्यात पाचोळ्याला प्लास्टिकच्या पिशवीच्या रांगेत बसवलं गेलं. आमच्या बगीच्यात रोज पहाटे खराटा फिरतो, जमीन सारवल्यासारखी गुळगुळीत होते, लोक खूश होतात. पाचोळा कोपऱ्यात पेटवायचा, आता गाडीत जातो. आम्ही सभेत म्हटलं, एक कोपरा सोडा, दहा बाय दहा फूट, झाडाखालचा. साप येतील, डास होतील, स्वच्छतेचे गुण जातील, असे तीन आक्षेप आले. एक काकू म्हणाल्या, “अहो, घरासमोर कचरा ठेवायचा म्हणजे लक्ष्मी कशी येणार?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हतं. शेवटी कडेला विटांची ओळ लावली, ‘येथे खत तयार होत आहे’ अशी पाटी लावली. खत म्हटल्यावर सगळे गप्प झाले. बुरशी म्हटलं असतं तर कोपरा गेला असता.

समाजाच्या कार्यकारिणीने मात्र मागच्या वर्षी एका शब्दात परवानगी दिली, त्याबद्दल जाहीर आभार. विहिरीजवळच्या त्या आंब्याखाली गेल्या दिवाळीपासून खराटा फिरवलेला नाही. पडलेली एक फांदीही तशीच ठेवली आहे. निर्माल्यातली फुलं-पानं, दोरा आणि चमकी काढून, तिथेच पसरतो. परवा कुणीतरी दोन चहाचे कागदी पेले टाकले होते, ते उचलले. तेवढं कृपया करू नका.

वांडाला यंदा चार शेंगा आल्या होत्या. तीन आम्ही झाडावरच ठेवल्या, त्या फुटल्या आणि धूळ वाऱ्यावर गेली. चौथीतली बी सरांनी कागदाच्या पुडीत घेऊन आंब्याच्या, बाजूच्या जांभळाच्या आणि दाराजवळच्या चिंचेच्या खरखरीत सालीवर, शेवाळ असलेल्या जागा बघून, बोटाने चोळली. योग्य बुरशी तिथे असेल तर तीन-चार वर्षांत हिरवा ठिपका दिसेल. सर बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांनी तिन्ही जागा खडूने न लिहिता पितळी टाचणी ठोकून ठेवल्या आहेत आणि टाचण्या कुठे आहेत ते शाळेतल्या बाईंच्या मुलाला दाखवून ठेवलं आहे, तो नववीत आहे.

गेल्या मंगळवारी मंडपाचे बांबू उतरवायला आम्ही सकाळी सातला आलो, तेव्हा त्या पडलेल्या फांदीच्या कडेने राखाडी छत्र्यांची रांग उभी होती. मोजल्या, सव्वीस. फोटो काढून सरांना पाठवला आणि या वेळी नाव लिहिलं नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. मंडप उभा करून साडेअकराला परत पाहिलं तर फांदीवर आणि पाचोळ्यावर फक्त शाईचे डाग होते. बांबूवाल्याने विचारलं, इथे काय सांडलंय, धुऊन टाकू का?